कुणाचं पीस?

गच्चीतले कपडे काढायला गेले तर टॉवेलला एक पीस चिकटलेलं. वीतभराला जरा कमीच. काळपट तपकिरी, त्यावर आडवे पांढुरके पट्टे.

पीस हाती आलं की माझी बाकीची कामं तिथेच थांबतात. खाली दूध उतू जाईना का, आधी पीस बोटांत धरून फिरवणार. मध्ये फाटलेलं असेल तर चिमटीत धरून कडेकडे हलकेच ओढायचं. सुटलेले तंतू चेन लागावी तसे पुन्हा जुळतात. तंतूंना अगदी बारीक आकडे असतात, ते एकमेकांत अडकतात. पक्षी तासन्‌तास चोचीने अंग साफ करत बसतात ना, त्यात हे कामही चाललेलं असतं.

घरात पोचेस्तोवर तिघांची मतं आली. समोरच्या काकू म्हणाल्या, "घुबडाचं आहे गं ते, घरात नेऊ नकोस." वॉचमनकाकांच्या मते घारीचं. नवऱ्याने मोबाईलमधून मान वर न काढता 'कावळा' म्हणून निकाल दिला.

घुबडाच्या पंखाच्या पिसाला कडेला मऊ झालर असते, म्हणून तर ते उडताना चाहूल लागत नाही. याची कड चांगली टणक. घारीचं म्हणावं तर फारच लहान. दांडीच्या एका बाजूचा पडदा अरुंद, दुसऱ्या बाजूचा रुंद, म्हणजे पंखातलं. शेपटीच्या मधलं असतं तर दोन्ही बाजू सारख्या असत्या. शिक्रा? पण त्याचे पट्टे गडद आणि अंग फिकं. इथे सगळं उलटं. ही कोकिळा, मादी. उन्हाळाभर गळा काढून बेजार करतो तो नर, काळाभोर, लाल डोळ्यांचा. ही ठिपक्यांची, पट्ट्यांची. मागच्या आंब्यावर कावळ्याचं घरटं आहे, तिथे अंडं घालायला गेली असणार आणि कावळ्याने पिटाळली असणार.

काकूंना सांगितलं. "अगंबाई, कोकिळेचं? मग ठेव की देवघरात!"

आजोबांना असले प्रश्न पडत नसत. त्यांना कोंबडीचं पीस लागे, बस्स. दुपारचं जेवण झालं की ओट्यावर भिंतीला टेकून बसायचे, पिसाचे तंतू सोलून टोकाला तेवढा झुपका ठेवायचे, डोळे मिटायचे आणि तो झुपका कानात फिरवायचे. थोड्या वेळाने उजवा पाय आपोआप हलायला लागायचा. त्या वेळात त्यांना हाक मारायची कुणाची टाप नव्हती. मोरपीस मात्र आमच्या वहीत. पेन्सिलीचा भुसा खाऊ घातला की त्याला पिल्लं होतात, हे तुम्हाला काय सांगायचं? कुणाच्या तरी मामेबहिणीकडे ती हमखास झालेली असायची.

खंड्याचं निळं पीस एकदाच मिळालं, नदीच्या घाटावर. उजेडासमोर धरलं तर निळाई गायब, नुसतं मातकट. त्यात निळा रंग नसतोच म्हणे. पिसाची बारीक घडण अशी, की उजेडातला निळा तेवढा परत फिरतो. हे पुढे कधीतरी वाचलं आणि उगाचच वाचलं असं वाटलं.

पिसाचा मालक शोधणं हे कुणाचं नोकरीतलं काम असू शकतं, हेही असंच वाचनात आलं. ४ ऑक्टोबर १९६० रोजी बॉस्टनहून उडालेलं विमान काही क्षणांत पाण्यात कोसळलं. ६२ माणसं गेली. इंजिनांत सापडलेल्या पिसांच्या चिंध्या वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात रॉक्सी लेबर्न यांच्याकडे आल्या. त्यांनी सांगितलं, स्टार्लिंग. आपल्याकडे हिवाळ्यात जोंधळ्यावर थवेच्या थवे उतरतात त्या भोरड्यांचे भाऊबंद. एकेकाचं वजन दीड छटाकाच्या आसपास. विमानाच्या इंजिनाने पक्षी गिळला तर काय व्हायला हवं, याचे नियम त्यानंतर ठरू लागले. लेबर्नबाई पुढे कित्येक वर्षं तेच करत राहिल्या. विमानाला चिकटलेला चिखल-रक्ताचा गोळा साबणाच्या पाण्यात धुवायचा, वाळवायचा, तंतू सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचे, संग्रहातल्या पक्ष्यांशी ताडून बघायचे आणि मगच नाव सांगायचं. तिथे आमच्या काकूंसारखं मत देऊन भागत नाही.