तुम्ही विचारलंत म्हणून : सूर न कळणाऱ्या पालकाने रियाजाला कसे बसावे

शिकवणी संपून मुलाने व्हायोलिन पेटीत ठेवले, की दारात थांबलेली आई किंवा वडील जरा संकोचाने विचारतात, ‘आम्हाला संगीतातलं काहीच कळत नाही. मग घरी याचा रियाज आम्ही कसा करून घ्यायचा?’ हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून काढावे असे बरेच दिवस मनात होते. पूर्वी मी ‘रोज अर्धा तास बसवा’ एवढे सांगून मोकळा होत असे. त्या उत्तराचा कोणालाच काही उपयोग होत नव्हता, आणि हे माझ्या ध्यानात येण्यासाठी माझी स्वतःची मुलगी दुसऱ्या शिक्षकांकडे तबला शिकू लागावी लागली.

मी वाजवणारा माणूस, कान तयार झालेला. त्यामुळे तिच्या रियाजाला आपल्या घरात काही कमी पडणार नाही अशी माझी समजूत होती. ती आतल्या खोलीत कायदा, म्हणजे तबल्यावरची एक ठरलेली रचना, वाजवायला बसे आणि मी बाहेर माझे काही काम करत असे. ‘तिरकिट’ हा बोल अडखळला की मी जागेवरूनच ‘पुन्हा!’ म्हणत असे आणि लय वाढली की ‘पळू नकोस’ म्हणून ओरडत असे. काही महिन्यांनी तिच्या शिक्षकांनी मला विचारले, की ही घरी नवीन काही वाजवतच नाही का? मला आश्चर्य वाटले, कारण रोज वीस-पंचवीस मिनिटे तबला माझ्या कानावर पडत होता. मग दोन-तीन दिवस नीट ऐकले तेव्हा उलगडा झाला. तिला आधीपासून जे उत्तम येत होते तेच ती रोज वाजवत होती. भिंतीपलीकडे चुका टिपणारा एक कान बसला आहे हे तिला ठाऊक होते आणि त्या कानाला काही सापडू नये अशी व्यवस्था तिने करून ठेवली होती. रियाज म्हणजे न येणारी गोष्ट वाजवणे. माझ्या घरात नेमकी त्याचीच सोय उरली नव्हती.

म्हणून ज्यांना सूर कळत नाही अशा पालकांना मी आता सांगतो, की या बाबतीत तुमची बाजू माझ्यापेक्षा भक्कम आहे. चूक दाखवणे हे शिक्षकाचे काम आहे आणि ते आठवड्यातून एकदा-दोनदा होत असते. उरलेल्या दिवसांत मुलाला निर्धास्तपणे वाईट वाजवता येईल अशी वेळ राखणे, आणि त्या वेळात कामाचे लहान तुकडे पाडायला त्याच्या शेजारी बसणे, एवढे पालकाचे काम. त्यासाठी तयार कान लागत नाही.

तुकडे पाडण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण मुलाला एकट्याने जमत नाही ते हेच. दहा वर्षांच्या मुलाला ‘जा, रियाज कर’ म्हणून खोलीत पाठवले, तर तो रचना पहिल्यापासून वाजवायला घेतो, पाचव्या ओळीत अडखळतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. असे सहा वेळा झाले की पहिली ओळ सहा वेळा घोटली जाते, अडणारी जागा सहा वेळा चुकीची वाजते, आणि शेवटच्या ओळीची पाळीच येत नाही. बोटांना बरोबर आणि चूक यांतला भेद कळत नाही. जे वारंवार केले ते त्यांच्या वळणी पडते. अर्धा तास वाजवूनही मुलगा आपली चूक पक्की करून उठतो आणि घड्याळाकडे पाहणाऱ्या पालकाला मात्र रियाज झाल्याचे समाधान मिळते. येथे शेजारी बसलेल्या माणसाने नुसते विचारायचे, ‘कुठे अडतंय?’ मूल ती जागा अचूक दाखवते. मग त्या जागेच्या आधीचे दोन स्वर आणि नंतरचे दोन, एवढाच तुकडा निम्म्या लयीत वाजवून पाहायला सांगायचे. सलग तीन वेळा नीट आला की त्याला मागची ओळ जोडायची, नंतर पुढची. ‘नीट’ आला की नाही हे मुलाने ठरवायचे, आपण नाही. आपल्या स्वतःच्या वाजवण्याकडे कान देण्याची सवय त्याला यातूनच लागते. कधी शेवटच्या ओळीपासून सुरुवात करून मागे मागे यावे, म्हणजे मूल अनोळखी जागेकडून ओळखीच्या जागेकडे जाते आणि शेवट गाठताना त्याची धांदल होत नाही. पियानो शिकणाऱ्याने आधी एका हाताचे, मग दुसऱ्या हाताचे काम करावे. तबल्याचे बोल हाताने वाजवण्याआधी हाताने ताल धरून तोंडाने म्हणण्याची, म्हणजे पढंतीची, जी रीत आहे तीही मुळात एका वेळी एकच अडचण समोर ठेवण्याची युक्ती आहे.

किती वेळ, या प्रश्नाला मी आता मिनिटांत उत्तर देत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला दहा मिनिटे पुष्कळ झाली; ती सकाळ-संध्याकाळ अशी दोनदा झाली तर अधिक चांगले. शिकवणीच्या आदल्या दिवशी दीड तास बसवण्यापेक्षा आठवडाभर रोज पंधरा मिनिटे देण्यात का हशील आहे, हे सांगायला संगीतज्ञ असावे लागत नाही. हरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये दाखवून दिले, की एकाच बैठकीत केलेल्या पाठांतरापेक्षा अनेक दिवसांत विभागलेले पाठांतर कमी श्रमात लक्षात राहते. त्याचे प्रयोग निरर्थक अक्षरांच्या पाठांतराचे होते, पण काल रात्री काही केल्या न जमलेली जागा आज सकाळी सहज जमली, हा अनुभव प्रत्येक वाजवणाऱ्याला येतो. वेळ घड्याळाने ठरवण्याऐवजी दिवसातल्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला बांधावी, जसे शाळेतून येऊन हातपाय धुतल्यावर लगेच. वाद्य कपाटाच्या वरच्या खणात, पेटीत, पिशवीत आणि पिशवीवर आणखी काही, असे असेल तर ते बाहेर काढण्याचाच कंटाळा अर्धा रियाज खातो. शक्य असेल तर ते हाताशी येईल असे ठेवावे.

वाद्य सुरात लावलेले असावे ही अगदी साधी गोष्ट घरोघर राहून जाते. लहान मुलाला व्हायोलिन किंवा गिटार लावता येत नाही, आणि उतरलेल्या तारांवर आठवडाभर वाजवलेले मूल आपणच बेसूर आहोत असे समजून बसते. फोनवरच्या ट्यूनरचा काटा मध्यावर आणायला सुराची जाण लागत नाही. पालकाने ते एकदा शिक्षकाकडून शिकून घ्यावे. मापाचेही तसेच. मुलांसाठी पाव, अर्धे, पाऊण अशी लहान मापांची व्हायोलिने मिळतात (अर्धे व्हायोलिन लांबीने अर्धे नसते, पण नाव तसे पडले आहे), आणि मूल वाढणारच आहे म्हणून आधीच मोठे घेऊन ठेवण्याचा मोह पालकांना फार होतो. कपड्यांच्या बाबतीत हा हिशोब चालतो. वाद्याच्या बाबतीत मात्र ताणलेला खांदा आणि वाकलेले मनगट यांची सवय जडते आणि ती पुढे सुटता सुटत नाही. तारेवर नव्याने बोटे ठेवणाऱ्याची बोटांची टोके काही आठवडे हुळहुळतात, ते चालायचेच. मनगट, खांदा किंवा मान दुखू लागली तर मात्र वाजवणे थांबवून शिक्षकाला सांगावे. सोसून वाजवण्यात कसलाही पुरुषार्थ नाही. गाणाऱ्या मुलाचा आवाज वयात येताना फुटू लागला, की पूर्वीच्या पट्टीचा आग्रह धरू नये.

एक छोटी वही मी प्रत्येकाला करायला सांगतो. तिचा सर्वांत सुंदर नमुना झाल्झबुर्गच्या एका वडिलांचा आहे. लिओपोल्ड मोत्सार्ट यांनी आपल्या मुलीसाठी 1759 मध्ये शिकण्याच्या रचनांची एक वही सुरू केली होती. पुढे धाकटा मुलगा वोल्फगांग, म्हणजे नंतरचा विख्यात संगीतकार मोत्सार्ट, त्याच वहीतून शिकू लागला, तेव्हा एका रचनेखाली त्यांनी लिहून ठेवले, की ही रचना वोल्फगांगने 24 जानेवारी 1761 रोजी, पाचव्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी, रात्री नऊ ते साडेनऊ या वेळात शिकली. त्या नोंदीत कौतुक नाही, तक्रारही नाही. कोणती रचना, कोणता दिवस, किती वेळ, एवढेच. लिओपोल्ड स्वतः मुरलेले शिक्षक होते, तरी ही नोंद ठेवायला शिक्षक असावे लागत नाही. ‘दुसऱ्या ओळीचा शेवट, सावकाश, जमला’ असे रोज एक वाक्य लिहिले तरी दोन महिन्यांनी मागची पाने चाळताना मुलाला आपण कुठून कुठे आलो ते दिसते, आणि ‘मला काहीच येत नाही’ या वाक्याला घरातच लेखी उत्तर तयार असते.

ती वही मुळात मुलीची होती, हेही विसरू नये. नानर्ल मोत्सार्ट लहानपणी भावाच्या बरोबरीने गावोगाव कीबोर्ड वाजवत असे. वयात आल्यावर तिचे दौरे थांबले आणि बापलेक पुढच्या प्रवासाला निघाले तेव्हा ती घरी राहिली. एका घरात दोन मुले वाजवत असतील, तर एकाच्या झपाट्यापुढे दुसऱ्याचा रियाज हळूहळू ऐकेनासा होतो, आणि हे बहुतेक वेळा कोणी ठरवून करत नाही. म्हणून दोघांची वेळ वेगळी ठेवावी, शक्य तर वाद्यही वेगळे, आणि एकाचे उदाहरण दुसऱ्याला कधीही देऊ नये.

जपानी व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी यांच्या पद्धतीत पालक मुलाबरोबर शिकवणीला बसतात आणि पुष्कळदा मुलाच्या आधी स्वतः थोडे वाजवायला शिकतात. मूल मातृभाषा ऐकत ऐकत आणि घरच्यांच्या सोबतीने शिकते, तसे संगीतही शिकेल, हा त्यांचा मुख्य विचार. ती पद्धत मी पूर्णपणे अनुसरत नाही, पण त्यातली एक गोष्ट उचलली आहे. पहिल्या महिन्यात केव्हातरी मी पालकाच्या हाती वाद्य देतो आणि मुलाला म्हणतो, की आता तू शिकव. मुलगी आईला व्हायोलिनचा गज धरायला शिकवते, ‘अंगठा वाकव, अगं वाकव ना’ म्हणून रागावते, आणि तीन मिनिटांत आईचा हात भरून येतो. त्यानंतर ‘इतकं सोपं तर आहे’ हे वाक्य त्या घरात ऐकू येत नाही.

शिकवणीला बसलात तर गप्प बसावे. शिक्षकाने मुलाला काही विचारले की पालक मागून उत्तर देतात. मग मूल आधी पालकाकडे आणि नंतर शिक्षकाकडे पाहू लागते. निघताना शिक्षकाला एकच विचारावे, ‘या आठवड्यात घरी सर्वांत महत्त्वाची अशी एक गोष्ट कोणती?’ माझ्यासारख्याला या प्रश्नाने शिस्त लागते, कारण सात सूचना देऊन ठेवण्याची खोड शिक्षकांना असते. शिक्षकाचे म्हणणे पटले नाही तर ते मुलाच्या समोर खोडू नये, वेगळे भेटून बोलावे. मात्र मूल शिकवणीच्या दिवशी पोट दुखते म्हणू लागले, शिक्षकाचे नाव काढताच आखडू लागले, तर गुरुनिष्ठा वगैरे बाजूला ठेवून शिक्षक बदलावा.

कौतुकाविषयी थोडक्यात लिहितो. ‘वा, छान’ हे रोज म्हटले की मूल ऐकत नाही. ‘ती जागा काल अडत होती, आज गेली’ हे म्हणायला मात्र तेथे हजर असावे लागते. आणि पाहुणे आले की मुलाला वाद्य घेऊन बाहेर बोलावण्याआधी त्याला विचारावे.

मूल शिकणे सोडायचे म्हणते, त्याचे काय? पहिल्या वर्षाचा उत्साह ओसरला की बहुतेक मुले एकदा तरी असे म्हणतात, कारण सुरुवातीला दर आठवड्याला दिसणारी प्रगती पुढे महिनोन्‌महिने दिसत नाही. शिकवणी बिघडलेल्या दिवशी हा निर्णय घेऊ नये. हाती घेतलेली रचना पुरी झाली की पुन्हा बोलू, असे ठरवावे, आणि त्या दिवशी खरोखरच बोलावे. मुले अशा तारखा विसरत नाहीत, आपण विसरतो. तेव्हाही ते नाहीच म्हणाले तर झालेल्या खर्चाचा उल्लेख न करता सोडू द्यावे. अपमान होऊन सोडलेल्या वाद्याला माणूस पुढे हात लावत नाही. सहज सोडलेल्याला कधी कधी तिशी-चाळिशीतही लावतो. माझ्याकडे शिकणाऱ्यांत अशी दोन माणसे सध्या आहेत.

माझ्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. शिक्षकांशी बोलणे झाल्यावर मी बाहेरच्या खोलीतून उठून तिच्या समोर जाऊन बसलो आणि सांगितले, की आजपासून मी काही बोलणार नाही, फक्त हाताने ताल धरीन. दोन-चार दिवस तिने जुनेच वाजवले. नंतर एकदा ती ‘तिरकिट’ची ती जागा घेऊन बसली, फार सावकाश, अडखळत, पुन्हा पहिल्यापासून, आणि मी जीभ दातांखाली धरून मात्रा मोजत राहिलो. तिसऱ्या आवर्तनाला तिने दोन्ही हात तबल्यावर ठेवून आवाज बंद केला आणि माझ्या हाताकडे पाहत म्हणाली, ‘बाबा, तू पळतोयस.’

मी खरोखरच पळत होतो.