पीएल ४८० शोधायला वॉशिंग्टनला

साठच्या दशकात रेशनच्या दुकानासमोर रांग लावलेल्या पिढीला ‘पीएल ४८०’, म्हणजे पब्लिक लॉ ४८०, काय होतं ते सांगावं लागत नाही. अमेरिकेचा गहू, पैसे रुपयांत आणि वर त्यांची दादागिरी, एवढं पाठ असतं. हा कायदा कुणी केला, कशासाठी केला, समितीत कोण काय बोललं, हे मात्र मराठीत क्वचितच वाचायला मिळतं. खरं तर तो कागद जवळपास सगळा फुकट आहे आणि कुणालाही बघता येतो. कुठल्या दारातून शिरायचं, हे कुणी नीट सांगत नाही एवढंच.

पहिली अडचण नंबरातच आहे. अमेरिकन काँग्रेस दर दोन वर्षांनी नवी होते आणि कायद्यांचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात. त्यामुळे ४८० क्रमांकाचे कायदे एकाहून अधिक आहेत. आपला कायदा ८३ व्या काँग्रेसचा. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यावर १० जुलै १९५४ रोजी सही केली, म्हणून पूर्ण नंबर ८३-४८०. सिनेटमधल्या मूळ विधेयकाचा नंबर एस. २४७५. हे दोन आकडे आणि ‘६८ स्टॅट. ४५४’, म्हणजे मंजूर झालेले कायदे जसेच्या तसे छापणाऱ्या ‘स्टॅट्यूट्स ॲट लार्ज’चा ६८ वा खंड, पान ४५४, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं. पुढे प्रत्येक काउंटरवर तेच विचारतात.

बाकी वॉशिंग्टन एका ओळीत: स्मारकं पाहिली, स्मिथसोनियनची संग्रहालयं पाहिली, तिकीट कुठेच नव्हतं आणि पायांची वाट लागली.

घरबसल्या जे होतं ते घरीच उरकून जावं, नाहीतर महागड्या शहरात हॉटेलचं भाडं भरून आपण वेबसाइट बघत बसतो. काँग्रेस डॉट गव्ह ही अधिकृत साइट झकास आहे, पण विधेयकाचा टप्प्याटप्प्याचा प्रवास ती १९७३ पासूनच नीट दाखवते. त्याआधीच्या वीस-बावीस वर्षांतल्या मंजूर विधेयकांची जुजबी नोंद आणि पीडीएफ मिळतं, समितीतलं काही कळत नाही. कायद्याचा मूळ मजकूर सरकारी छापखान्याच्या गव्हइन्फो साइटवर आहे. तिथे ‘यू.एस. कोड’ उघडायचा मोह होतो, तो टाळायचा. कोडमध्ये कायद्याचं आजचं, दुरुस्त्या होऊन आलेलं रूप असतं. २००८ मध्ये तर या कायद्याचं नावच ‘फूड फॉर पीस ॲक्ट’ असं झालं. १९५४ मध्ये नेमकं काय मंजूर झालं ते फक्त ‘स्टॅट्यूट्स ॲट लार्ज’मध्ये सापडतं. तिथे भाषा सरळ आहे: हेतू अतिरिक्त धान्याला गिऱ्हाईक मिळवण्याचा. भुकेल्यांसाठीची कलमं आहेत, पण ती दुसऱ्या भागात. पहिला भाग विक्रीचा, रुपयासारख्या स्थानिक चलनात.

आजकाल प्रत्येक कायद्याच्या शेवटी त्याचा इतिहास छापतात: कुठल्या समितीचा अहवाल, कुठल्या तारखेला चर्चा. १९५४ च्या पानावर यातलं काही नाही. म्हणून ‘काँग्रेशनल रेकॉर्ड’ची, म्हणजे दोन्ही सभागृहांतल्या कामकाजाच्या छापील नोंदीची, सूची काढायची. १९५४ चा खंड १०० वा. सूचीत ‘हिस्टरी ऑफ बिल्स’ नावाचा विभाग असतो, त्यात एस. २४७५ शोधलं की विधेयक मांडलं कधी, समितीकडून परत कधी आलं, चर्चा कुठल्या पानांवर, दोन्ही सभागृहांच्या मसुद्यांचा मेळ घालणारा अहवाल कधी आला, हे सगळं एका परिच्छेदात मिळतं. मला विचाराल तर अमेरिकन कायद्याच्या अभ्यासातला हा सगळ्यात उपयोगी परिच्छेद. सर्चच्या चौकटीत ‘इंडिया व्हीट’ टाइप करून कितीही वेळ घालवला तरी तो हाती लागत नाही.

या रेकॉर्डचा एक घोळ मात्र आधीच माहीत असावा. त्याच्या दोन आवृत्त्या असतात: रोजची आणि नंतर बांधलेली. रोजच्या आवृत्तीत पानांना सिनेटसाठी एस, हाउससाठी, म्हणजे कनिष्ठ सभागृहासाठी, एच अशी अक्षरं लागतात. बांधीव खंडात सलग आकडे. पाननंबर जुळत नाहीत. जुन्या पुस्तकाची तळटीप घेऊन पान उघडलं आणि तिथे भलताच विषय निघाला, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. शिवाय छापलेलं सगळं बोललेलं असतंच असं नाही. सभासदांना भाषण नंतर ‘सुधारून वाढवायची’ परवानगी असते. १९७८ पासून न बोललेल्या मजकुराला खूण करायला लागले. १९५४ मध्ये तशी खूण नाही, म्हणून ‘सिनेटर सभागृहात म्हणाले’ असं लिहिताना हात जरा आखडताच घ्यावा.

खरा माल सुनावण्यांमध्ये असतो. समितीसमोर साक्षीला कोण आलं, कुणी लेखी निवेदन दिलं, कुणी नुसती तार पाठवली, यावरून कायदा कुणाला हवा होता ते कळतं. पण सुनावण्या ‘सीरियल सेट’ या १८१७ पासूनच्या प्रचंड मालिकेत सहसा नसतात, तिथे समित्यांचे अहवाल असतात. सुनावण्या वेगळ्या छापायचे. काही हाथीट्रस्ट या ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर आहेत. तिथे पान वाचता येतं, पण बरेचदा अख्खा खंड उतरवून घ्यायची मुभा फक्त सभासद विद्यापीठांना. बाकीच्यांनी एकेक पान उतरवत बसायचं.

म्हणून डिपॉझिटरी ग्रंथालय. अमेरिकन सरकारची प्रकाशनं देशभरातल्या अकराशेच्या आसपास ग्रंथालयांत ठेवली जातात आणि त्या संग्रहापुरता प्रवेश सर्वांना फुकट द्यावा असा कायदाच आहे, ग्रंथालय खाजगी विद्यापीठाचं असलं तरी. हे दारावरच्या सुरक्षारक्षकाला माहीत असतंच असं नाही. एका विद्यापीठात (नाव सांगत नाही) ‘विद्यार्थी ओळखपत्र नाही तर आत नाही’ हे वाक्य इतक्या ठामपणे ऐकवण्यात आलं की दुसरा कुणी असता तर आल्या पावली परत फिरला असता. तिथे वाद घालायचा नाही. ‘मला फेडरल डिपॉझिटरी कलेक्शन बघायचं आहे, सरकारी कागदपत्रांच्या ग्रंथपालांना फोन लावता का,’ एवढंच म्हणायचं. ग्रंथपाल स्वतः खाली येतात आणि मग सगळा नूर बदलतो. आदल्या दिवशी इमेल केला असेल तर उत्तमच. आपल्याला सरकारी माणसाला काही विचारायचं म्हणजे संकोच वाटतो. इथल्या संदर्भ ग्रंथपालांच्या बाबतीत तो पूर्ण बाजूला ठेवावा. विषय सांगितला की ही मंडळी स्वतःच्या घरचं कार्य असल्यासारखी कामाला लागतात.

सरकारी कागदपत्रं बहुधा तळघरात, सरकत्या कपाटांमध्ये. त्यांचे क्रमांक नेहमीच्या पुस्तकांसारखे नसतात. ही सुडॉक पद्धत, आणि ती विषयावर नाही, तर छापणाऱ्या खात्यावर लावलेली आहे. ए म्हणजे शेती खातं, एस म्हणजे परराष्ट्र खातं, वाय ४ म्हणजे काँग्रेसच्या समित्या. वाय ४.एजी ८/१ म्हणजे हाउसची शेती समिती. इथे ठिपका दशांशचिन्ह नाही. ठिपक्यापुढची संख्या पूर्ण संख्या म्हणून वाचायची, म्हणजे ए १.९ च्या नंतर ए १.१० येतं. दशांशाच्या सवयीने ए १.१० हे ए १.२ च्या आधी शोधलं तर पुस्तक नाहीच असं वाटून माणूस हात हलवत परततो. सुनावणीचं पुस्तक हातात आलं की आधी पुढची साक्षीदारांची यादी आणि मग थेट शेवट बघावा. ‘नोंदीसाठी सादर’ केलेली पत्रं आणि तारा बहुधा शेवटी कोंबलेल्या असतात आणि सूची त्यांना बरेचदा वगळते.

काही सुनावण्या फक्त मायक्रोफिशवर. पोस्टकार्डापेक्षा थोडी मोठी पारदर्शक पट्टी, तिच्यावर नखाएवढी पानं. ती यंत्राच्या दोन काचांमध्ये सरकवायची, आणि प्रतिमा उलटी किंवा आरशातल्यासारखी दिसली तर पट्टी पालथी करून, फिरवून बघायची. जाताना पेनड्राइव्ह न्यावा, नव्या यंत्रांवरून थेट त्यात पानं घेता येतात. काचेवर आधीच्या माणसाच्या बोटांचे ठसे असतात. ते पुसले नाहीत तर फोकस कितीही फिरवा, अक्षर धूसरच.

लायब्ररी ऑफ काँग्रेस या सगळ्यानंतर. सोळा वर्षांवरच्या कुणालाही वाचक-कार्ड मिळतं, फुकट, दोन वर्षांचं. ऑनलाइन अर्ज आधी भरायचा, तिथे पासपोर्ट दाखवायचा, फोटो काढला की कार्ड हातात. मेट्रो स्टेशन कॅपिटल साउथ. इमारती तीन: जेफर्सन, ॲडम्स, मॅडिसन, आतून भुयारांनी जोडलेल्या. पर्यटक जेफर्सनचा घुमट बघून निघून जातात. कायद्याची आणि हस्तलिखितांची वाचनदालनं मात्र मॅडिसनमध्ये, बाहेरून अगदी सरकारी कचेरी. कपाटांपर्यंत कुणालाच जाऊ देत नाहीत. मागणी नोंदवायची आणि वाट बघायची. बराच संग्रह शहराबाहेर मेरिलँडमधल्या गोदामांत असतो, म्हणून कॅटलॉग घरूनच बघून मागणी आधी नोंदवावी. तिथल्या संगणकांवर हाइनऑनलाइन आणि प्रोक्वेस्ट काँग्रेशनल हे महागडे डेटाबेस फुकट वापरता येतात. हॉटेलच्या वायफायवर नाही.

जेफर्सनमध्ये एशियन रीडिंग रूम आहे आणि मराठी माणसाने तिथे जायलाच हवं. १९५८ मध्ये काँग्रेस सदस्य जॉन डिंगेल यांच्या दुरुस्तीने पीएल ४८० च्या रुपयांतून पुस्तकं खरेदी करायची मुभा लायब्ररीला मिळाली, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दिल्लीच्या कचेरीतून पुस्तकं जहाजाने जाऊ लागली. शिकागोसारख्या विद्यापीठांच्या मराठी संग्रहामागे हाच गव्हाचा पैसा आहे. कॅटलॉगमध्ये नावं रोमन अक्षरांत आहेत, पण आपण लिहितो तशी नाहीत. ‘देशपांडे’ शोधायचं तर डी-ई-एस-ए-पी-ए-एन-डी-ई: ‘एच’ नाही आणि मधला ‘ए’ हवाच. ‘करंदीकर’च्या शेवटीही एक जादा ‘ए’.

कायदा झाल्यावर तो राबवला कसा, हे बघायचं तर परराष्ट्र खात्याची कागदपत्रं लागतात. भारताशी पहिला करार २९ ऑगस्ट १९५६ चा. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६५-६६ मध्ये गव्हाची जहाजं थोडी थोडी करून सोडली, त्याची हकिकत ‘फॉरेन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स’ मालिकेत, १९६४-६८ च्या पंचविसाव्या खंडात आहे. हा खंड परराष्ट्र खात्याच्या इतिहासकारांच्या साइटवर पूर्ण वाचता येतो. त्यातला मजकूर वाचायचाच, पण तळटिपाही उतरवून घ्यायच्या. तिथे ‘आरजी ५९, एआयडी (यूएस) १५ इंडिया’ असा पत्ता असतो (आरजी म्हणजे रेकॉर्ड ग्रुप, ५९ हा परराष्ट्र खात्याचा). १९६३ पर्यंतच्या फाइलींना दशांश क्रमांक, भारत-अमेरिका संबंधांसाठी ६११.९१. त्यानंतर पद्धत बदलली. हा पत्ता हातात नसेल तर नॅशनल अर्काइव्हजमध्ये, म्हणजे सरकारी दप्तरखान्यात, खोक्यांच्या डोंगरापुढे उभं राहण्यात अर्थ नाही.

ही कागदपत्रं अर्काइव्हजच्या शहरातल्या खांबांच्या भव्य इमारतीत नसून मेरिलँडमध्ये कॉलेज पार्कला आहेत. शहरातल्या इमारतीत काँग्रेसच्या समित्यांची दप्तरं. सिनेटची साधारण वीस वर्षांनी खुली होतात, हाउसची तीस, संवेदनशील असतील तर पन्नास. दोन्हीकडे अर्काइव्हजचं संशोधक-कार्ड लागतं, लायब्ररीचं चालत नाही. पेन, पिशवी, ओव्हरकोट बाहेर. पेन्सिल आणि कागद तेच देतात. खोकी ठरलेल्या वेळांनाच काढून आणतात. ती वेळ पाच मिनिटांनी चुकली तरी पुढच्या फेरीपर्यंत बसून राहायचं, म्हणून सकाळी दार उघडायच्या आत पोहोचावं. एका वेळी एकच खोकं उघडं, त्यातली एकच फाइल टेबलावर. मध्येच एखाद्या कागदाऐवजी ‘काढून घेतला’ अशी चिठ्ठी निघते, म्हणजे तो कागद बहुधा अजून गुप्त आहे. त्यावरची तारीख आणि वर्णन उतरवून घ्यायचं आणि पुनर्विचाराचा अर्ज करायचा. परदेशी माणसालाही तो हक्क आहे, उत्तराला मात्र वर्षं लागू शकतात.

फोटो फ्लॅशशिवाय काढू देतात. आधी खोक्यावरच्या लेबलचा, मग फाइलच्या लेबलचा, मग पानांचा, हा क्रम मोडायचा नाही. लेबल नसलेल्या पानाचा हवाला देता येत नाही आणि परत गेल्यावर तेच खोकं शोधायला पुन्हा अर्धा दिवस जातो. पानामागेही बघावं. शेरे बरेचदा पाठीवर, पेन्सिलीने लिहिलेले असतात.