मालमत्ता करावरचे 217 रुपये

आज आईच्या घराचा मालमत्ता कर भरायला नगरपालिकेत गेले होते. महिनाअखेर, खात्यात पैसे कमी, म्हणून क्रेडिट कार्ड काढलं. बिल 18,400 चं, मशीनवर आकडा आला 18,617! खिडकीमागच्या ताईंनी काचेवर चिकटवलेल्या कागदाकडे बोट दाखवलं: क्रेडिट कार्डाला 1 टक्का जादा, त्यावर 18 टक्के जीएसटी.

त्या बिचारीचा काय दोष? बँक आणि कार्ड कंपनी आपलं शुल्क घेणारच, पालिकेला कर पुरा हवा, मग भुर्दंड आपल्यालाच. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर 1 जानेवारी 2020 पासून हे व्यापारी शुल्क शून्य आहे, क्रेडिट कार्डावर नाही. शेवटी भावाला फोन करून यूपीआयने भरायला लावलं.

माझ्यामागे एक आजोबा होते. साधा बटणांचा फोन, मुलाने दिलेलं कार्ड रुमालात गुंडाळून आणलेलं. त्यांनी निमूटपणे जादा पैसे भरले. पावतीवर ते वेगळे दाखवलेही नव्हते. फार लागलं मनाला. हा आकडा कराच्या बिलावरच छापा, म्हणजे घरून निघतानाच कळेल, असा अर्ज उद्या मुख्याधिकाऱ्यांना देणार आहे. पोच घेऊनच येईन.