ओदेओं रस्त्यावरचे वाचनालय

मराठी पर्यटकांच्या गटांना पॅरिस दाखवण्याचे काम मी गेली अकरा वर्षे करते आहे. नोत्र दाम पाहून झाले की सीन नदी ओलांडून पलीकडच्या ब्युशेरी रस्त्यावर जायचे, हिरव्या दर्शनी भागाच्या ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ या पुस्तकांच्या दुकानासमोर गट उभा करायचा, छायाचित्रांसाठी दहा मिनिटे द्यायची आणि तेवढ्यात सांगून टाकायचे की हेमिंग्वे, जॉइस वगैरे लेखक मंडळी याच दुकानात येत असत, असा माझा शिरस्ता झाला होता. हे खरे नाही याची मला कल्पना होती. ही मंडळी जिथे येत त्या याच नावाच्या आधीच्या दुकानाच्या मालकीण सिल्विया बीच यांचे १९५९ साली प्रसिद्ध झालेले आठवणींचे पुस्तक मी वाचले होते. पण दहा मिनिटांत दोन दुकानांचा इतिहास कुठे सांगत बसायचे, म्हणून मी तो कापून टाकला होता आणि पुढे त्या कापण्याची सवय होऊन गेली होती.

मे महिन्यातल्या त्या दिवशी माझे बोलणे संपल्यावर गटातले एक गृहस्थ जवळ आले. सत्तरी ओलांडलेले, सांगली जिल्ह्यातल्या एका ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात छत्तीस वर्षे ग्रंथपाल म्हणून काम केलेले. चारचौघांत मला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून ते अगदी हळू बोलले. “ताई, हे दुकान एक्कावन्न साली निघालं ना? जॉइस तर एक्केचाळीसलाच गेला.” मी मान्य केले. हे दुकान १९५१ मध्ये जॉर्ज व्हिटमन या अमेरिकन माणसाने वेगळ्याच नावाने सुरू केले, सिल्विया बीच यांच्याविषयीच्या आदरापोटी १९६४ मध्ये त्याला त्यांच्या दुकानाचे नाव दिले आणि आल्यागेल्या कितीतरी भटक्या लेखकांना कपाटांच्या मधल्या जागेत झोपायलाही दिले, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी खिशातून एक छोटी वही काढली. तीत देवनागरीत एक पत्ता लिहिलेला होता : १२, ओदेओं. “हे कुठे आलं? चालत जाता येईल का?”

दुपारी बाकीचा गट खरेदीला गेला आणि काका, काकू आणि मी सेंट जर्मेनच्या हमरस्त्याने निघालो. काकूंच्या गुडघ्यांमुळे पाऊण तास लागला. वाटेत मी त्यांना आधी द्युप्युत्राँ या अरुंद गल्लीतल्या आठ नंबरपाशी नेले, कारण खरी सुरुवात तिथली. आईने पाठवलेल्या तीन हजार डॉलरच्या बचतीवर सिल्विया बीच यांनी १९ नोव्हेंबर १९१९ रोजी तिथे दुकान उघडले. त्याआधी त्या जागेत धोब्याचे दुकान होते आणि दाराच्या एका बाजूला ‘जाड’ व दुसऱ्या बाजूला ‘तलम’ अशा अर्थाचे फ्रेंच शब्द लिहिलेले होते. जागा शोधायला मदत करणारी त्यांची मैत्रीण आद्रिएन मोनिए अंगाने भरलेली होती. ती ‘जाड’खाली जाऊन उभी राहिली आणि सडपातळ सिल्वियाला तिने ‘तलम’खाली उभे केले. हे ऐकून काकू खूप हसल्या.

ओदेओं रस्ता तिथून दोन-तीन मिनिटांवर आहे. चौकातून तो थेट नाट्यगृहाच्या खांबांकडे चढत जातो. मोनिए यांचे फ्रेंच पुस्तकांचे दुकान १९१५ पासून सात नंबरला होते आणि १९२१ मध्ये सिल्विया बीच त्याच्या जवळजवळ समोर, बारा नंबरला आल्या. आज तिथे पुस्तके नाहीत. वर भिंतीवर एक पाटी तेवढी आहे, आणि १९२२ साली या घरात सिल्विया बीच यांनी जॉइसची ‘युलिसिस’ प्रकाशित केली एवढेच ती सांगते. मी पाटीचा अर्थ सांगितला आणि सवयीने त्या प्रकाशनाची गोष्ट सुरू केली : न्यूयॉर्कमध्ये ही कादंबरी क्रमशः छापणाऱ्या दोघी संपादिकांना अश्लीलतेवरून दंड झाला होता, इंग्लंड-अमेरिकेत ती छापायला कोणी धजत नव्हते, तेव्हा प्रकाशनाचा काडीचा अनुभव नसलेल्या या बाईने ती अंगावर घेतली, दिजाँच्या छापखान्यात इंग्रजी न जाणणारे कंपोझिटर हाताने खिळे जुळवत होते आणि जॉइस प्रुफांवर नवा मजकूर वाढवतच होते, अखेर २ फेब्रुवारी १९२२ रोजी, जॉइस यांच्या चाळिसाव्या वाढदिवशी, पहिल्या दोन प्रती सकाळच्या गाडीने आल्या आणि सिल्विया बीच स्वतः स्टेशनवर जाऊन त्या घेऊन आल्या.

काकांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, “अनामत किती घेत होती?”

मला क्षणभर प्रश्नच कळला नाही. मग लक्षात आले की त्या दुकानाबद्दल मला आजवर एकाही पर्यटकाने मुद्द्याचा प्रश्न विचारला नव्हता, आणि मीही मुद्द्याचे काही सांगितले नव्हते. ते मुळात वाचनालय होते. पहिल्या महायुद्धानंतर फ्रँक घसरला, डॉलरवर राहणाऱ्याला पॅरिस स्वस्त झाले आणि तरुण अमेरिकन, आयरिश, इंग्रज लेखक इथे येऊन राहिले. पण स्वस्ताईत खोली मिळाली तरी इंग्रजी पुस्तके महागच होती. ती विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांसाठी सिल्विया बीच वर्गणी आणि अनामत घेऊन पुस्तके घरी देत असत. प्रत्येक सभासदाचे एक कार्ड असे. त्यावर नाव, पत्ता, वर्गणीची तारीख, भरलेली रक्कम आणि नेलेल्या पुस्तकांची नावे. हेमिंग्वे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्याजवळ अनामतीपुरते पैसे नव्हते. जमतील तेव्हा द्या, असे सांगून बाईंनी कार्ड लिहिले आणि हवी तेवढी पुस्तके न्यायला सांगितले. तुर्गेनेव्ह, लॉरेन्स, ‘वॉर अँड पीस’ आणि दोस्तोयेव्हस्की असा भारा घेऊन ते घरी गेले.

“पहिल्याच दिवशी? अनामत न घेता?” काका थबकले. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुकापेक्षा काळजी अधिक होती. “आणि तालिका? दाखल नोंदवही?”

तालिका, म्हणजे पुस्तकांची यादी, नव्हती. एखादे पुस्तक कोणाकडे आहे हे शोधायचे तर सगळ्या सभासदांची कार्डे चाळावी लागत, असे बाईंनी स्वतःच लिहिले आहे. सभासदाने एका वेळी एक-दोन पुस्तके न्यावीत आणि पंधरवड्यात परत करावीत असा नियम होता. जॉइस मात्र डझनांनी नेत आणि कधी कधी वर्षानुवर्षे ठेवून घेत.

“म्हणजे देवघेव सगळी डोक्यात,” काका म्हणाले. मग त्यांनी मला हाताच्या खुणांनी दाखवायला सुरुवात केली : दारातून आत आल्यावर टेबल कुठे असणार, कार्डांची पेटी उजव्या हाताला कशी लागते, थंडीत शेगडीजवळ बसून तिथेच वाचणाऱ्यांना उठवायचे नाही हे ग्रंथपालाला कसे शिकावे लागते. मी त्यांना आठवणींच्या पुस्तकातले आणखी सांगत गेले. पत्ता पक्का नसलेले लेखक आपली पत्रे या दुकानाच्या पत्त्यावर मागवत, आणि बाई ती कप्प्यांत लावून ठेवत. उसने पैसे देत. वरच्या खोलीत जॉर्ज अँथाइल हा तरुण संगीतकार राहत असे. “पत्रं आमच्याकडेही यायची,” काका म्हणाले, “परगावाहून नोकरीला आलेल्या पोरांची. खोली बदलली तरी वाचनालय बदलत नाही ना.” अकरा वर्षे मी त्या दुकानाला ‘लेखकांचे माहेरघर’ म्हणत होते. ते कशामुळे तसे झाले होते, हे मला त्या वाक्याने कळले. रोज ठरल्या वेळी उघडणारे दार, लिहून ठेवलेले नाव आणि सांभाळून ठेवलेले पत्र, एवढ्यावर परमुलखातला माणूस तग धरतो. मी स्वतः या शहरात नवी असताना मला असे एकही दार नव्हते, म्हणून कदाचित ते इतके लागले असेल.

शेवट मी थोडक्यात सांगितला. मंदीत दुकान डबघाईला आले तेव्हा १९३६ मध्ये आंद्रे जीद आदी लेखकांनी मित्रमंडळ स्थापून वर्गणी गोळा केली. पुढे जर्मनांनी पॅरिस घेतले. डिसेंबर १९४१ मध्ये एका जर्मन अधिकाऱ्याला काचेतली जॉइसची ‘फिनेगन्स वेक’ हवी होती. आपली शेवटची प्रत बाईंनी दिली नाही आणि त्याने सगळा माल जप्त करण्याची धमकी दिली. दोन तासांत, मैत्रिणींच्या मदतीने, कपड्यांच्या टोपल्यांत भरून सगळी पुस्तके जिन्याने वरच्या एका रिकाम्या बिऱ्हाडात नेली गेली, सुताराने फळ्या उतरवल्या आणि रंगाऱ्याने पाटीवरचे नाव रंगवून टाकले. बाईंना सहा महिने नजरकैदेच्या छावणीत काढावे लागले, पण पुस्तके जर्मनांच्या हाती लागली नाहीत. दुकान मात्र पुन्हा उघडले नाही.

काका मान वर करून एकेक मजला पाहत होते. काकू म्हणाल्या, “एवढ्या जिन्यांवरून?” काकांनी उत्तर दिले नाही. आमच्या तालुक्याला पूर आला त्या वर्षी मीही रात्रीतून पुस्तकं माडीवर चढवली होती, असे ते नंतर चालता चालता म्हणाले, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

संध्याकाळी आयफेल मनोऱ्यापाशी सगळा गट पुन्हा एकत्र आला. वर जायची रांग लागली होती आणि मी तिकिटे वाटत होते, तेवढ्यात काकांनी विचारले, “वरच्या बिऱ्हाडातली ती पुस्तकं पुढे कुठे गेली?”

सभासदांची कार्डे आता अमेरिकेत, प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत आणि पुस्तकांतली पुष्कळशी बाईंनी पॅरिसमधल्या अमेरिकन ग्रंथालयाला दिली, असे मी सांगितले. ते ग्रंथालय इथून चालत काही मिनिटांवरच आहे, हेही सांगितले. काकांनी हातातले मनोऱ्याचे तिकीट माझ्याकडे परत दिले. काकूंनीही आपले दिले. बाकीच्या गटाला मी लिफ्टपर्यंत पोहोचवले आणि आम्ही तिघे ग्रंथालयाकडे निघालो. दारापाशी आल्यावर काकांनी शर्टाच्या बाह्या खाली करून गुंड्या लावल्या, वही उघडली आणि मला म्हणाले, “ताई, आधी वर्गणी किती ते विचारा.”