एक्क्याऐंशी दिवे आणि दीवचा वारा

आमच्या घरात एक वाक्य पिढीजात चालत आलंय. कुकरच्या पाच शिट्ट्या होऊनही तूरडाळ बोटाला टणक लागली, की आई म्हणते, "कोडीनारचं पाणी आलं वाटतं." हे वाक्य तिच्या आईचं. लहानपणी मला वाटायचं, कोडीनार हे एखाद्या खाष्ट बाईचं नाव असावं.

ते गाव आहे, काठेवाडच्या दक्षिण किनाऱ्यालगत, आणि एकेकाळी ते आमच्या बडोद्याचंच होतं. गायकवाडांचं राज्य सलग नव्हतं. कडी इकडे, नवसारी तिकडे, अमरेली थेट काठेवाडात, ओखामंडळ पार पश्चिमेच्या टोकाला. कोडीनार अमरेली प्रांतातला महाल, म्हणजे तालुका. प्रांतावर सुभा, महालावर वहिवाटदार, आणि त्या वहिवाटदार कचेरीत माझे आजोबा कारकून. आई तिथेच जन्मली, जुलै १९४३ मध्ये. १ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, आजोबांची बदली झाली आणि सहाव्या वर्षात असलेली आई बडोद्यात दांडिया बाजारात राहायला आली. त्यानंतर ती कोडीनारला कधीच गेली नाही. पुण्याला, काशीला, दोनदा अमेरिकेला गेली, पण तिथे नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात तिचं सहस्रचंद्रदर्शन आलं. ऐंशी वर्षं आणि दहा महिने, म्हणजे हजार पौर्णिमा. दादाने पुण्याहून हिशेब करून सांगितलं की वैशाखी पौर्णिमा, २३ मे, हा दिवस नेमका बसतोय. मुलांच्या सुट्ट्या चालू होत्या. शांत आम्ही चैत्रात घरी करून घेतली होती. हॉल, पंगती, शालजोड्या आईला नको होत्या. "समुद्रावर जाऊ या," एवढंच म्हणाली. दीव ठरवलं वहिनीने. दीवहून कोडीनार तासाभरावर आहे हे तिने नकाशात पाहिलं होतं आणि आईला मुद्दाम सांगितलं नव्हतं.

आम्ही तेरा जण. पहाटे चारला ट्रॅव्हलर वासदवरून तारापूर, वटामणच्या रस्त्याला लागली. सोबत डब्यात लिलो चिवडा, भाकरवडी आणि बारा किलो केसर आंबे. खरं तर केसरच्या माहेरी, गीरच्या पायथ्याशीच चाललो होतो, पण घरच्या गवतात पिकवलेला आंबा मागे ठेवायला कोणी तयार नव्हतं.

या रस्त्याची एक गोष्ट मला मुलांना सांगायचीच होती. १५३५ मध्ये हुमायून चालून आला तेव्हा गुजरातचा सुलतान बहादूरशाह चांपानेरहून खंभात आणि खंभातहून दीव असा पळाला. चांपानेर म्हणजे आमच्या पावागडाच्या पायथ्याचं, दर पावसाळ्यात जातो ते. कोंडीत सापडलेल्या त्या सुलतानाने मदतीच्या आशेने पोर्तुगिजांना दीवमध्ये किल्ला बांधू दिला, आणि दोन वर्षांत त्यांच्याशीच झालेल्या झटापटीत दीवच्या समुद्रात त्याचा जीव गेला. पोर्तुगीज मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तिथून हलले नाहीत. भाचा म्हणाला, "म्हणजे मावशी, आपण त्याच्याच मागे चाललोय." मला फार बरं वाटलं.

भावनगर ओलांडल्यावर त्रापजच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अलंगमध्ये तोडलेल्या जहाजांचं सामान विकायला मांडलेलं असतं. पलंग, बेसिनं, लाइफ जॅकेटं, चिनीमातीच्या जाड बश्या. तिथे वहिनीला जहाजाच्या स्वयंपाकघरातलं एक भलंमोठं स्टीलचं ताट मिळालं, चार बोटं उंच काठाचं. "यात एक्क्याऐंशी दिवे मावतील," ती म्हणाली. घासाघीसही न करता तिने ते उचललं.

दीवमध्ये पोचलो तेव्हा बडोद्याच्या चाळिशीपारच्या उन्हातून कोणीतरी हाताला धरून बाहेर काढल्यासारखं झालं. ऊन तेवढंच, पण अंगावर सतत वारा. घोघलाच्या किनाऱ्यावर मुलं जी पाण्यात शिरली ती दोन तास निघाली नाहीत. नागवाला होकाची झाडं पाहिली, ताडासारखी पण खोडाला फांद्या फुटणारी. आई म्हणाली, "ही मी पाहिलेली आहेत." कुठे, ते तिला आठवेना.

पौर्णिमेच्या दुपारी भाड्याच्या बंगल्यात वहिनीने आणि मी कणीक मळली. आमरस, पुऱ्या, बटाट्याची भाजी, आंब्याची डाळ. उरलेल्या कणकेत हळद घालून एक्क्याऐंशी दिवे. संध्याकाळी सगळे जण खुखरीच्या स्मारकाच्या टेकडीवर गेलो, कारण तिथून पूर्व-आग्नेयेला नुसता समुद्र आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री याच समुद्रात आयएनएस खुखरी बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबतच गेले. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक. आई काचेतल्या त्या छोट्या जहाजासमोर हात जोडून बराच वेळ उभी राहिली. त्या आठवड्यात रेडिओ बंदच केला नव्हता, म्हणाली.

पाठीमागे सूर्य गेला आणि समोर चंद्र आला. आधी धुरकट, ओळखूही न येणारा. मग बोटभर वर चढल्यावर तांब्याच्या परातीसारखा. आईने त्याला नमस्कार केला. कोणी बोललं नाही.

बंगल्याच्या गच्चीवर औक्षण करायचं ठरलं होतं. वाऱ्याने ते होऊच दिलं नाही. दहा दिवे लागेपर्यंत सात विझत. उंच काठाच्या ताटानेही काही होईना. शेवटी मुलांनी दोन चादरी ताणून धरल्या, दादा आणि भावजी पाठ करून उभे राहिले आणि तेवढ्या खोपटात आम्ही पाच बायकांनी ओवाळलं. एकाच वेळी एक्क्याऐंशी दिवे किती क्षण जळत होते सांगता येणार नाही, पण जळत होते. आईच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत मी पाहिले.

दुसऱ्या दिवशी गाडी उन्यावरून डावीकडे वळली तेव्हा आईने पाटी वाचली. वहिनीकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर बघत राहिली, थेट गावापर्यंत.

घर सापडलं नाही. कचेरीच्या मागची गल्ली, दारात कडुनिंब, एवढ्या खुणेवर पंचाहत्तर वर्षांनी काय सापडणार? बाजारात एका चहाच्या टपरीवर थांबलो. गल्ल्यावर आईच्याच वयाचे एक काका बसले होते. आई त्यांच्याशी काठेवाडी वळणाच्या गुजरातीत बोलायला लागली. हे वळण तिच्या बोलण्यात मी जन्मात ऐकलं नव्हतं. वडील गायकवाडी कचेरीत होते, मी इथलीच, असं काहीसं. काका उठून उभे राहिले. "तो तो बेन, तमे गामनी दीकरी."

तेरा चहा झाले. दादाने पैसे पुढे केले तर काकांनी त्याचा हात मागे सारला. गावच्या लेकीकडून पैसे घेत नाहीत. उलट गल्ल्यातून अकरा रुपये काढून त्यांनी आईच्या हातावर ठेवले.

आईने ते पदराला बांधले. खुर्चीत बसून चहाचा दुसरा घोट घेतला, जिभेवर थोडा घोळवला. या पट्ट्यात किनाऱ्याकडून जमिनीखाली खारं पाणी आत सरकतं, ते विहिरींना लागतं, हे मला वाचून माहीत होतं.

"बघ," ती मला म्हणाली, "पाणी अजून तसंच आहे." आणि काकांकडे वळून तिने आणखी अर्धा कप मागितला.