छत्री घेऊन संडासला

"तुमच्या त्या जपानी आर्किटेक्टच्या घरात पावसात छत्री घेऊन संडासला जावं लागतं म्हणे! मग तो तुम्हाला एवढा का आवडतो?" माझ्या ऑफिसात तादाओ आंदोने बांधलेल्या घराचा फोटो आहे, त्यामुळे हे नेहमीचंच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

हो, जावं लागतं. ओसाकातल्या सुमियोशीचं ते घर १९७६ सालचं. दर्शनी भाग जेमतेम अकरा फूट, दोन्हीकडे शेजाऱ्यांची घरं. एवढ्याशा जागेत आपण इंचइंच वाचवू. या बाबाने लांबीचे तीन सारखे भाग पाडले आणि मधला आभाळाला मोकळा सोडला. झोपायच्या खोल्या वर, बाथरूम खाली मागच्या भागात. रस्त्याकडे एकही खिडकी नाही. तोगो मुरानो हे बुजुर्ग आर्किटेक्ट घर बघून म्हणाले होते, बक्षीस द्यायचं तर इथे राहणाऱ्याला द्या.

मी वाड्यात वाढलो. आमचाही संडास चौकापलीकडे होता, पावसात आजी गोणपाटाची खोळ घेऊन जायची. त्यामुळे मला यात नवल नाही. अर्थात, आम्ही फ्लॅटमध्ये गेलो तेव्हा सगळ्यात खूश आजीच होती.

मला खरं वेड आहे ते आंदोच्या काँक्रीटचं. हा माणूस आर्किटेक्चर कॉलेजात गेलाच नाही. सतराव्या वर्षी व्यावसायिक बॉक्सर झाला, पुढे ल कॉर्बुझिए या नामवंत आर्किटेक्टचं जुनं पुस्तक मिळवून त्यातली ड्रॉइंग्ज गिरवत बसला. १९६९ मध्ये स्वतःचं ऑफिस, १९९५ मध्ये प्रिट्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मानाचं बक्षीस. त्याच्या भिंतींना ना प्लास्टर, ना रंग. शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा प्लायचा साचा, काढल्यावर जे निघेल तेच फिनिश. प्लायचे सांधे आणि बोल्टची भोकंसुद्धा आधीच ड्रॉइंगवर ठरलेली, ओळीत. चूक झाकायला जागाच नाही.

आम्ही एकदा एका बंगल्याच्या कंपाउंडला तसं करून पाहिलं. प्लायच्या फटीतून स्लरी, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, वाहून गेली, काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटरही कोपऱ्यात नीट फिरला नाही. शटरिंग उघडलं तर खाली वीतभर नुसती खडी. मिस्त्रीने एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"साहेब, प्लास्टर मारू?"

मारलं. फोटो त्यानंतर लावलाय.