पोर्ट विलाची बस आणि ‘युमी’

पोर्ट विलातल्या बसला क्रमांक नसतो, ठरलेला थांबा नसतो आणि मार्गही नसतो. नंबरपाटीवर लाल ‘बी’ अक्षर असलेली छोटी बस दिसली की रस्त्याच्या कडेला उभे राहून हात करायचा, चालकाच्या खिडकीशी वाकून कुठे जायचे ते सांगायचे आणि त्याने नुसत्या भुवया वर उचलल्या की आत चढायचे. भुवया उचलणे म्हणजे तिथे ‘हो’. प्रशांत महासागरातल्या वानुआतू या बेटांच्या देशाच्या सुमारे ५० हजार वस्तीच्या या राजधानीत मी २०१९ च्या ऑगस्टमध्ये कामानिमित्त तीन आठवडे राहिले. पहिले दोन दिवस मी टॅक्सीनेच फिरले. तिसऱ्या दिवशी कामावरच्या एका स्थानिक बाईंनी माझा हात धरून मला बसमध्ये बसवले आणि तिथून पुढे मला ते गाव दिसू लागले.

त्या पहिल्या प्रवासात मला बाजारापासून नंबातू भागातल्या माझ्या मुक्कामी जायचे होते. थेट गेले असते तर पाच-सात मिनिटांचे अंतर; मला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला, कारण चालकाने कोणाला कधी सोडायचे याचा क्रम मनाशी लावला होता आणि त्यात माझा क्रमांक शेवटचा होता. तांदळाचे पोते घेऊन चढलेल्या एका आजोबांना फ्रेसवोटा वस्तीत थेट त्यांच्या अंगणापर्यंत नेले गेले; चालकाने स्वतः उतरून पोते खाली ठेवले आणि मगच गाडी मागे घेतली. मांडीवर मूल झोपलेल्या एका बाईसाठी गाडी खाचखळग्यांच्या गल्लीत इतकी हळू चालवली की मूल जागे झाले नाही. या सगळ्या वेळात एकही प्रवासी घड्याळाकडे पाहत नव्हता किंवा कुरकुरत नव्हता. उतरल्यावर चालकाच्या हातात त्या वेळी १५० वातू ठेवायचे, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने साधारण नव्वद रुपये, आणि ‘तांक्यू तुमास’, म्हणजे खूप आभार, म्हणायचे. पुढे मी मुद्दाम गर्दीच्या बसमध्ये बसू लागले, कारण इतरांना घरी सोडता सोडता ती बस मला अशा वस्त्यांतून नेत असे जिथे जायला मला एरवी काहीही कारण नव्हते.

या वस्त्यांची नावे मला फार आवडली. फ्रेसवोटा म्हणजे गोडे पाणी, नंबातू म्हणजे दुसरा क्रमांक आणि नंबात्री म्हणजे तिसरा. किनाऱ्यालगतच्या सीसाइड भागात तर तोंगोआ, पामा, फुतुना अशी बेटांचीच नावे लावलेल्या वस्त्या आहेत, कारण एका बेटावरून पोटापाण्यासाठी आलेली माणसे एकमेकांच्या आधाराने राहिली. मुंबईत गिरणगावात कोकणातल्या चाकरमान्यांच्या गावकीच्या खोल्या होत्या, त्यांची मला तिथे फार आठवण झाली. वानुआतूत ८० च्या आसपास बेटे आहेत आणि शंभराहून अधिक भाषा बोलल्या जातात. एवढ्या भाषांच्या माणसांना एका बसमध्ये बसवणारी भाषा म्हणजे बिस्लामा. तिचे बरेचसे शब्द इंग्रजीतून आलेले असले तरी तिचा स्वभाव मेलनेशियन, म्हणजे तिथल्या बेटांवरच्या मूळ भाषांचा आहे, आणि मराठी माणसाला हे एका शब्दावरून चटकन कळते. इंग्रजीत आपल्या ‘आपण’ आणि ‘आम्ही’ या दोन्हींसाठी एकच शब्द आहे. बिस्लामात मात्र आपल्यासारखाच भेद केला जातो. समोरच्याला सोबत धरून बोलायचे असेल तर ‘युमी’, त्याला वगळून बोलायचे असेल तर ‘मिफाला’. ३० जुलै १९८० रोजी स्वतंत्र झालेल्या या देशाने आपल्या राष्ट्रगीताच्या नावात हा ‘युमी’ एकदा नव्हे, तीनदा घेतला आहे.

त्याआधी १९०६ पासून या बेटांवर इंग्रज आणि फ्रेंच यांचे संयुक्त राज्य होते, आणि त्या काळात पोलीस दोन, तुरुंग दोन, शाळाही दोन तऱ्हेच्या होत्या. त्याच्या खुणा आजही सहज दिसतात: सकाळी लांब फ्रेंच पाव काखेत घेऊन जाणारी माणसे आणि संध्याकाळी किनाऱ्यावर धातूच्या गोळ्यांचा पेतांक खेळणारे लोक.

विलाचा खरा दिवस मात्र मुख्य रस्त्यावरच्या, समुद्राला पाठ लावून उभ्या असलेल्या बाजारात सुरू होतो. खरे तर तो तिथे संपतच नसे, कारण हा बाजार सोमवारी उघडला की शनिवारी दुपारपर्यंत रात्रंदिवस चालू असे. विला ज्या बेटावर आहे त्या एफातेवरच्या खेड्यांतून बायका माल घेऊन ट्रकने येत आणि काही जणी रात्री आपल्या मेजाशेजारी चटई टाकून झोपत. या सगळ्या बायकांना गाव ‘ममा’ म्हणते, आणि मीही तसेच म्हणू लागले. अळकुड्या, सुरणासारखे कंद, केळ्यांचे घड आणि पाल्यासकट जुडी बांधलेल्या ओल्या भुईमुगाच्या शेंगा असा माल तिथे मांडलेला असे. कंद नारळाच्या हिरव्या झावळ्यांच्या विणलेल्या टोपल्यांत भरून, टोपलीसकट विकले जात. पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर देशाने २०१८ च्या जुलैपासून बंदी घातली होती. झावळीची टोपली मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे होती. भाव करायचा नाही, हा तिथला शिरस्ता. घासाघीस करणे हा विकणारीच्या कष्टांचा अवमान समजला जातो. आयुष्यभर मंडईत भाजी घेताना दोन रुपये कमी करून घेण्यात धन्यता मानलेल्या मला तो नियम पाळताना आधी अवघडल्यासारखे झाले, पण नंतर त्यात मोठा निवांतपणा आहे असे वाटले. किंमत ठरलेली असल्यामुळे ममांशी मालाविषयी बोलता येत होते.

बाजाराच्या मागच्या बाजूला शिजवलेल्या अन्नाची लांब मेजे होती. तिथे मी लापलाप पाहिले. किसलेला कंद किंवा किसलेली केळी पानांवर थापायची, वर नारळाचे दाट दूध ओतायचे, पाने दुमडून पुडा बांधायचा आणि तापलेल्या दगडांखाली तो तासन्‌तास भाजू द्यायचा. पुडा उघडताच आलेली वाफ माझ्या चेहऱ्यावर आली तेव्हा मला हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्यांची आठवण झाली, वास वेगळा असूनही. लापलापवर बहुधा मांस किंवा मासा असतो. मी ते खात नाही हे कळल्यावर त्या ममांनी मला सिंबोरो दिला. हा कंदाचा किंवा केळ्याचा कीस पानात गुंडाळून नारळाच्या दुधात शिजवलेला असतो. त्यांच्या हातची गुंडाळी मी उलगडून पाहिली: पान मऊ झालेले, बोटांना किंचित बुळबुळीत लागणारे. ही तिथली ‘आयलंड कॅबेज’ नावाची भाजी भेंडीच्या कुळातली आहे, त्यामुळे तो बुळबुळीतपणा ओळखीचा निघाला. आमच्या घरच्या अळूवडीची कृती मी हातवाऱ्यांनी सांगितली, तेव्हा ममांनी शेजारच्या ममांना हाक मारून ती पुन्हा सांगायला लावली.

सूर्य मावळला की नकामालचे दिवे लागतात. नकामाल म्हणजे मुळात गावाच्या एकत्र बसण्याची जागा. विलात ती कावा, म्हणजे एका झाडाच्या मुळ्यांपासून केलेले पेय, पिण्याची साधी शेड असते आणि आत कावा तयार आहे हे दाराशी लावलेल्या एका मंद दिव्यावरून कळते. वानुआतूत ताज्या, ओल्या मुळ्या कुटून पाण्यात कालवतात आणि कापडातून गाळून करवंटीत देतात. तान्ना बेटावर परंपरेने स्त्रियांना नकामालात मज्जाव आहे, पण विलातल्या कित्येक नकामालांत स्त्रियाही येतात, आणि मला कामावरच्या त्याच बाई तिथे घेऊन गेल्या. करवंटी घेऊन अंधाराकडे तोंड करायचे आणि एका दमात रिकामी करायची. चव मातीसारखी, कडवट; क्षणात जीभ आणि ओठ बधिर झाले. त्यानंतर लोक अगदी हळू आवाजात बोलतात. कोणी फोनचा उजेड चमकवला तर शेजारचा माणूस न रागावता हाताने तो झाकायची खूण करतो. कावा ऐकावा लागतो, असे त्या बाई कुजबुजल्या, आणि बराच वेळ आम्ही काहीच बोललो नाही. लांबून समुद्राचा आणि वटवाघळांच्या पंखांचा आवाज येत होता.

रविवारी दुकाने बंद असत. प्रार्थनेनंतर कुटुंबेच्या कुटुंबे पाण्यावर जात आणि फुलाफुलांच्या झग्यांतल्या आज्या त्याच कपड्यांनिशी एराकोरच्या खाजणात कमरेपर्यंत पाण्यात बसून गप्पा मारत.

१७ डिसेंबर २०२४ रोजी ७.३ तीव्रतेच्या भूकंपाने विला हादरले. मुख्य रस्त्यावरच्या इमारती कोसळल्या, माणसे गेली. पुण्यात बसून मी दिवसभर चित्रफिती पाहत होते आणि प्रत्येक चित्रात तो रस्ता बसच्या खिडकीतून कसा दिसत असे ते शोधत होते. त्या बाईंचा निरोप दोन दिवसांनी आला. घराला तडे गेले होते, माणसे सुखरूप होती. ‘युमी स्तप’, एवढेच लिहिले होते. आपण आहोत. मी त्या वाक्याकडे बराच वेळ पाहत राहिले, कारण ‘मिफाला’ लिहिले असते तरी ते बरोबरच ठरले असते.